घरात नशा शिरलीय असं वाटतंय? नाशिकमधल्या घरच्यांसाठी पहिली पावलं

दादा अंबडच्या एका कंपनीत फिटर. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे सव्वापाचला डबा घेऊन निघायचा, पगार वहिनीच्या हातात द्यायचा, गणपतीत मंडळाच्या कामाला सगळ्यांच्या पुढे. रोज कामावर जाणारा माणूस दारुडा कसा असेल, या एका समजुतीपायी आमच्या घराची सहा वर्षं गेली. सिडकोत, सातपूरला, नाशिकरोडला, पंचवटीत आजही कुणाच्या तरी घरात हाच विचार चालू असणार. त्यांची तेवढी वर्षं जाऊ नयेत म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही. वहिनीबरोबर ओपीडीच्या बाकावर, समुपदेशकासमोर आणि घरच्यांच्या बैठकांत बसून जे शिकले ते क्रमानं सांगते.

पहिलं पाऊल: आधी नीट ओळखा

घरातला वाद नेहमी प्रमाणावर येऊन थांबतो. "एक क्वार्टर तर घेतो, त्यात काय एवढं?" म्हणून आधी त्या क्वार्टरचाच हिशोब करू. व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. क्वार्टरच्या १८० मिलीत ते जवळपास ६० ग्रॅम भरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत १० ग्रॅमचं एक माप धरतात. म्हणजे एका क्वार्टरमध्ये अशी सहा मापं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत चार. आपल्याकडे द्राक्षांचे मळे आणि वायनरी आहेत, त्यामुळे "वाईन म्हणजे काही दारू नाही" हे वाक्यही सहज कानावर येतं. १२ टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे जवळजवळ दीड माप. शरीरात जातं ते अल्कोहोल तेच.

पण नुसत्या प्रमाणावरून आजार ठरत नाही. डॉक्टर मुख्यतः सहा खुणा बघतात: अनावर ओढ, एकदा सुरू केलं की हात न आवरणं, तेवढीच नशा यायला पूर्वीपेक्षा जास्त लागणं, मिळालं नाही तर शरीराला त्रास होणं, बाकीच्या आवडी मागे पडणं, आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. वर्षभरात यातल्या तीन किंवा जास्त एकत्र दिसल्या, तर ती सवय राहिलेली नसते, व्यसनाधीनतेचा आजार झालेला असतो.

आमच्याकडे या खुणा कशा दिसल्या ते सांगते, कारण पुस्तकी शब्दांत त्या आपल्या घराशी जुळत नाहीत. सकाळी दादा चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. आम्हाला वाटायचं, थंडी. रविवारी मुलांबरोबर ग्राउंडवर क्रिकेट खेळायचा, ते कधी बंद झालं कुणाला आठवतही नाही. लग्नाला गेलो की पहिली पंगत उठायच्या आत त्याला "जरा बाहेर जाऊन येतो" व्हायचं. पतपेढीचं कर्ज, वर कंपनीतून उचल, आणि दोन्हींची कारणं प्रत्येकाला वेगळी सांगितलेली. डॉक्टरांनी यकृत सुजलंय म्हटल्यावर त्यानं तीन आठवडे बंद ठेवली आणि चौथ्या आठवड्यात "आता रिपोर्ट चांगला असेल" म्हणत पुन्हा धरली.

पिणाऱ्यानं स्वतःला विचारायचे चार साधे प्रश्न आहेत, आणि जगभरचे डॉक्टर ते वापरतात. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी त्यावरून बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल मनाला टोचणी लागते का? सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर व्हावेत म्हणून घ्यावी लागते का? दोन उत्तरं "हो" आली तर डॉक्टरांना भेटायची वेळ झाली आहे. शेवटच्या एकट्या प्रश्नाचं उत्तर "हो" असलं तरी माझ्या मते उद्याच जावं.

बाकीच्या नशेच्या खुणा वेगळ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा, म्हणजे ज्याला पोरं एमडी म्हणतात त्याचा, कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला, तेव्हा हे आपल्या किती जवळ आलंय ते सगळ्यांना कळलं. एमडी घेणारा मुलगा दोन-दोन रात्री झोपत नाही, जबडा आवळतो, जेवण तुटतं, वजन झपाट्यानं उतरतं, विनाकारण संशय घेतो आणि मग दिवसभर मेल्यासारखा झोपतो. मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती बहुतेक वेळा अल्प्राझोलाम असते, झोपेची-घबराटीची गोळी. तिच्यात तोंडाला वास येत नाही, पण जीभ जड होते, तोल जातो, काल काय केलं ते आठवत नाही. गांजात डोळे लाल दिसतात आणि महिनोन् महिने कशातच रस राहत नाही. काहींना आवाज ऐकू येऊ लागतात, तसं झालं तर लगेच डॉक्टर. लहान मुलांच्या कपड्यांना पंक्चरच्या सोल्यूशनचा किंवा व्हाइटनरचा वास, तोंडाभोवती पुरळ, हेही दुर्लक्षू नका. मात्र वयात आलेला मुलगा दार लावून बसतो, चिडतो, एवढ्यावरून त्याच्या खिशाची झडती घेऊ नका. एक खूण म्हणजे पुरावा नव्हे.

आणि बायका. पार्ट्यांत न दिसणारी, घरातच घेतली जाणारी दारू किंवा झोपेच्या गोळ्या यांच्याबद्दल आपण बोलतच नाही. त्यांच्यावर दुप्पट लाज लादलेली असते म्हणून दवाखान्यात जायला त्या अनेकदा कचरतात.

दुसरं पाऊल: पंधरा दिवस वहीत लिहा

कधी घेतली, साधारण किती, त्यानंतर काय झालं, न घेतल्याच्या दिवशी हात थरथरले का, घाम आला का, झोप लागली का. आधीचे आजार, चालू गोळ्या, कधी फिट आली असेल तर ती. वहिनीनं हे किराण्याच्या डायरीच्या मागच्या पानांवर लिहिलं होतं, आणि डॉक्टरांनी रक्ताच्या रिपोर्टआधी तेच वाचलं. पुरावा म्हणून त्याच्या तोंडावर ही वही फेकायची नाही. ती डॉक्टरांसाठी आहे.

तिसरं पाऊल: एका दिवसात बंद करायला लावू नका

हा भाग घाईत असाल तरी वाचा.

चैत्राच्या यात्रेच्या सुमाराला आम्ही दादाला घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो. त्यानं देवीसमोर शपथ घेतली, आणि ती मनापासून घेतली होती. खाली उतरताना त्याचे डोळे भरले होते. शनिवारी रात्रीचा पेला शेवटचा. रविवारी संध्याकाळी त्याला घाम फुटला, हात कापू लागले, उलट्या. आम्ही म्हणालो, शरीर शुद्ध होतंय, सहन कर. सोमवारी पहाटे त्याला फिट आली. दात लागलेले, तोंडाला फेस, वहिनी त्याच्या तोंडात चमचा घालायला धावलेली. १०८ला फोन केला आणि सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. वर्षानुवर्षं रोज दारू मिळाली की मेंदू त्या गुंगीशी जुळवून घेतो आणि स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. दारू एकदम थांबली की तो वेग तसाच राहतो. सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, धडधड. साधारण दोन दिवसांपर्यंत फिट येण्याचा धोका. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. हा भ्रम उपचारांविना जीव घेऊ शकतो. दवाखान्यात ठरावीक गोळ्या मोजून देऊन आणि दिवसागणिक कमी करत हे दिवस सुरक्षित काढता येतात. सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण दारूनं ते संपलेलं असतं आणि त्याच्या कमतरतेनं मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचंही तसंच. त्या अचानक बंद केल्या तरी फिट येऊ शकते. डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात.

तर शपथ घ्या, माळ घाला, नवस बोला. माणसाला उभं राहायला श्रद्धेचा आधार लागतो आणि दादाला तो आजही आहे. पण गडावर जायच्या आधी ओपीडीत जा. रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून ठेवणं तर कधीच करू नका.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा. माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास घरघरत किंवा अडखळत असेल, ओठ निळे पडले असतील, तर "उतरेल सकाळपर्यंत" म्हणून झोपवू नका. दारूवर झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील तर धोका आणखी मोठा. हातभट्टीची प्यायल्यावर धूसर दिसू लागलं तर ते मिथेनॉलचं विष असू शकतं. उशीर झाला तर नजर आणि जीव दोन्ही जाऊ शकतात.

चौथं पाऊल: पहिला फोन तुम्ही करा

"त्याला स्वतःला वाटलं पाहिजे" हे वाक्य आम्हाला प्रत्येकानं ऐकवलं आणि आम्ही वाट बघत बसलो. खरं म्हणजे तो तयार व्हायच्या कितीतरी आधी घरच्यांना मदत घेता येते. वहिनी दादाच्या चार महिने आधी समुपदेशकाकडे गेली होती. तिचं वागणं बदललं, त्यानंतर दादाचं बदलायला सुरुवात झाली.

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६; हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. दोन्ही मोफत. तंबाखू-गुटखा सोडायचा असेल तर १८००-११-२३५६. फोनवर काय बोलायचं सुचत नसेल तर एवढंच म्हणा: "माझ्या नवऱ्याला दारूचं व्यसन लागलंय असं वाटतं, तो डॉक्टरकडे यायला तयार नाही, मी काय करू?" पुढचं ते विचारतात.

घरात मारहाण होत असेल तर क्रम बदलतो. आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. दारूच्या नशेत मारलं म्हणून ती मारहाण माफ होत नाही.

आणि आजपासून एक गोष्ट थांबवा: पांघरूण घालणं. कंपनीत "ताप आलाय" म्हणून फोन करणं, टपरीवरची उधारी गुपचूप भागवणं, रात्री ओटीवर पडलेल्याला शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून उचलून आत आणणं. हे सगळं आम्ही प्रेमापोटीच केलं. त्याच्या पिण्याची किंमत दर वेळी आम्ही चुकती करायचो, म्हणून त्याला ती कळलीच नाही. थांबवायचं म्हणजे माणसाला टाकून द्यायचं असं नाही. जीवाचा धोका असेल तिथे धावायचंच. खोटं मात्र बोलायचं नाही.

पाचवं पाऊल: बोलायचं कधी आणि कसं

प्यायलेल्या माणसाशी बोलू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, एकानंच बोलावं. काका-मामा गोळा करून कोर्ट भरवलं की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. "तू बेवडा झालास" या वाक्यानं दार बंद होतं. वहिनी बोलली ते असं: "मंगळवारी पोरीला शाळेतून आणायला तुम्ही विसरलात, ती सहापर्यंत गेटवर उभी होती. मला भीती वाटली. सोमवारी सिव्हिलला जाऊ या, मी येते सोबत." घडलेली एक गोष्ट, आपल्याला काय वाटलं ते, आणि ठरलेला एक वार. दादा त्या दिवशी उठून निघून गेला. तिसऱ्यांदा बोलल्यावर आला.

वर्तमानपत्रात आणि विजेच्या खांबांवर "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती दिसतात. भाजीत-चहात कालवायची ती पूड घेऊ नका. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते डायसल्फिराम नावाचं औषध आहे, ते डॉक्टर रुग्णाला सांगून आणि तपासण्या करूनच देतात. नकळत दिलं आणि वर तो प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

सहावं पाऊल: नाशिकमध्ये कुठे जायचं

सुरुवात त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयापासून करा, आपल्या तोंडी जे सिव्हिल. सीबीएसवरून चालत जाता येतं. केस पेपर काढताना "मानसोपचार" सांगा; लाजून "अ‍ॅसिडिटी" सांगितलं तर दिवसभर भलत्याच रांगेत उभे राहाल, आम्ही राहिलो होतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतो: आडगावला मविप्रचं डॉ. वसंतराव पवार रुग्णालय, इगतपुरी-घोटीकडच्या लोकांना धामणगावचं एसएमबीटी. तालुक्याच्या गावी असाल तर ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा.

जाताना आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि ती वही. उपाशीपोटी नेऊ नका. आणि "आज दवाखान्यात जायचंय, पिऊ नको" म्हणून आदल्या दिवसापासून बंदही करायला लावू नका. वर सांगितलंच आहे.

डॉक्टर काय करतात? यकृत, साखर, रक्त तपासतात. त्रास कमी असेल तर घरी राहून रोजच्या गोळ्या, जास्त असेल तर आठ-पंधरा दिवस भरती. पुढे ओढ कमी करणारी औषधं असतात, नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट, आणि समुपदेशन. नुसत्या सलाईनच्या चार बाटल्या लावून "झालं, घरी जा" असं कुठे होत असेल तर तो उपचार अर्धवट आहे.

पोलिसांची भीती अनेकांना थांबवते, विशेषतः एमडी-गांजाच्या बाबतीत. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे: व्यसनी माणूस स्वतःच्या सेवनासाठीच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात अडकला असेल आणि स्वेच्छेनं सरकारी वा मान्य संस्थेत उपचार पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे.

सातवं पाऊल: केंद्र निवडताना

सगळ्यांनाच निवासी केंद्र लागत नाही. पण घरी पुन:पुन्हा घसरत असेल, किंवा आजूबाजूला सगळे पिणारेच असतील, तर उपयोग होतो. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. नाशिकहून अनेक कुटुंबं तिकडे जातात. नाशिकमध्येही खासगी केंद्रं बरीच आहेत आणि त्यांचा दर्जा एकसारखा नाही. आम्ही पहिल्यांदा ज्या केंद्रात दादाला ठेवलं तिथे महिनाभर भेटू दिलं नाही, आणि तो परत आला तेव्हा पाठीवर वळ होते. म्हणून आता कुणी विचारलं की मी सांगते: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे झालेल्या नोंदणीचा कागद दाखवायला सांगा. मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारा. राहण्याची खोली, संडास, स्वयंपाकघर डोळ्यांनी बघा. भेटायचा वार लेखी घ्या. "आम्ही गाडी पाठवून उचलून नेतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. साखळीनं बांधणं कायद्यानं गुन्हा आहे. इच्छेविरुद्ध भरती काही ठरावीक परिस्थितीतच करता येते. स्वतःला किंवा इतरांना इजेचा धोका असेल, स्वतःची काळजी घेता येत नसेल, आणि मानसोपचारतज्ज्ञासह दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासून तसं नोंदवलं असेल, तर सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस.

घरी आल्यावर

इथे बहुतेक घरं चुकतात. बरा होऊन आला म्हणून हातात पूर्ण पगार, मित्रांचं "एखादी तर घे", शिमग्याची पार्टी. पहिले तीन महिने पैसे वहिनी सांभाळायची, दादानंच तसं मागितलं होतं. घरी येण्याचा रस्ता बदलला, कारण जुन्या रस्त्यावर बार होता. फॉलो-अपची तारीख कॅलेंडरवर देवाच्या सणांसारखी लाल पेननं.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या, म्हणजे एएच्या, मराठी बैठका आपल्याकडे होतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, पिणं सोडायची इच्छा एवढीच अट. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या बैठका असतात. वहिनी पहिल्यांदा गेली तेव्हा दारातून परत फिरत होती. आत बसलेल्या एका आजींनी नुसती खुर्ची सरकवली. ती बसली, तासभर रडली, कुणी काही विचारलं नाही.

दादा सात महिन्यांनी घसरला. दिवाळीत, दोन दिवस. आई म्हणाली, सगळं पाण्यात गेलं. ते पाण्यात गेलं नव्हतं. रक्तदाबाचा माणूस गोळ्या चुकवून पुन्हा चक्कर येऊन पडावा तसं ते होतं. एक धोका मात्र खरा: मधे बंद राहिल्यानं शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीचंच प्रमाण, विशेषतः गोळ्या आणि ब्राऊन शुगरचं (म्हणजे हेरॉइनचं), आता जीवघेणं ठरू शकतं. म्हणून घसरल्याचं लपवावंसं वाटेल असं वातावरण घरात ठेवू नका. दादानं तिसऱ्या दिवशी सकाळी सातला वहिनीला उठवलं आणि म्हणाला, "घेतली होती. ओपीडी किती वाजता उघडते?" तिनं चहा टाकला, केस पेपरची पिशवी काढली, आणि दोघं सव्वाआठच्या बसनं सिव्हिलला गेले.